शेनोन्सो : त्या दारापर्यंत चालत जा!

फ्रान्समधल्या लुआरच्या खोऱ्यात एका दिवसात चार-चार राजवाडे उरकणाऱ्या टूर्स असतात. माझं ऐकाल तर एकच निवडा, शेनोन्सो! शेर नदीवर पूल टाकावा तसा हा महाल उभा आहे. राजा दुसऱ्या हेन्रीनं तो लाडक्या दियानला दिला. १५५९ मध्ये राजा गेला आणि राणी कॅथरीननं तो तिच्याकडून काढून घेतला. सवतीमत्सराची अख्खी सीरियलच!

पण मी थबकले ती ६० मीटर लांब गॅलरीत. पहिल्या महायुद्धात इथं जखमी सैनिकांचं हॉस्पिटल होतं. १९४० ते १९४२ या काळात तर ही नदीच सीमा होती. अलीकडे जर्मन फौजा, पलीकडे त्यांच्या ताब्यात नसलेला फ्रान्स. गॅलरीच्या टोकाच्या दारातून कित्येकांनी जीव वाचवला. फोटो नंतर काढा, आधी तिथवर चालून या.