पंधरा वर्षांनी येणारी परीक्षा
वर्धा जिल्ह्यातील जुन्या मोटारसायकली, त्यांचे रिपासिंग आणि रस्त्यावरची सुरक्षितता

वर्ध्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात २०१० साली नोंदवलेली एमएच-३२ ची मोटारसायकल २०२५ साली पहिल्यांदा पुन्हा मोटार वाहन निरीक्षकासमोर उभी राहते. मधल्या पंधरा वर्षांत तिने हिंगणघाटच्या बाजारात कापसाचा भाव काढायला निघालेल्या शेतकऱ्याला नेऊन आणलेले असते, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन बांधून घेतलेले असतात, रात्री-बेरात्री सेवाग्रामच्या दवाखान्यापर्यंत आजारी माणूस पोहोचवलेला असतो. या काळात तिचे ब्रेक, चाके, हँडल आणि दिवे सरकारच्या वतीने कोणीही तपासलेले नसतात, कारण कायदा तशी तपासणी मागतच नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे वैध राहते आणि पुढे प्रत्येक वेळी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. ट्रक, एसटी, काळीपिवळी, मालवाहू ऑटो यांचा नियम वेगळा आहे. त्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणजे नऊ वर्षांच्या मालवाहू ऑटोची तपासणी दरवर्षी होते आणि त्याच रस्त्यावरून त्याच्या शेजारून धावणाऱ्या चौदा वर्षांच्या मोटारसायकलची एकदाही होत नाही.

नोंदणी वाढवून घेताना होणाऱ्या तपासणीत, म्हणजे रिपासिंगमध्ये, जुन्या मोटारसायकली कितपत भरवशाने उत्तीर्ण होतात, हा या लेखाचा प्रश्न आहे. तयारी करून आणलेली गाडी सहसा पास होते. आरसा बसवला, हॉर्न दुरुस्त केला, मागचा लाल दिवा लागू लागला, की निरीक्षकाची बहुतेक हरकत मिटते. एखादी उणीव राहिलीच तर ती भरून गाडी पुन्हा दाखवता येते. पण या उत्तरावर समाधान मानणे धोक्याचे आहे. ज्या गाड्या नापास झाल्या असत्या, त्यातल्या कितीतरी परिवहन कार्यालयाच्या आवारात येतच नाहीत. आणि ज्या येतात, त्यांच्यातले सर्वांत घातक दोष तपासणीच्या कागदावर सहज उमटत नाहीत.

निरीक्षक काय पाहतो

मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत नमुना २५ मध्ये अर्ज करायचा, विमा आणि पीयूसी (प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र) जोडायची, वेळ घ्यायची आणि गाडी घेऊन जायचे, अशी रिपासिंगची रीत आहे. सगळ्यात आधी चेसिस नंबर जुळवला जातो. जुन्या गाड्यांचा पहिला अडथळा बहुधा इथेच येतो. हँडलच्या मुळाशी कोरलेला नंबर गंजाने आणि चिखलाने खाल्लेला असतो. काही वेळा जुने इंजिन बसल्यावर दुसऱ्या गाडीचे इंजिन घातलेले असते आणि त्याची नोंद आरसीवर केलेली नसते. गाडी धडधाकट असूनही अशा वेळी अडकून पडते.

त्यानंतर दिवे, इंडिकेटर, हॉर्न, आरसे, टायर, सायलेन्सर, मडगार्ड आणि ब्रेक यांची पाळी येते. वाहन उभे असताना नुसते पाहून त्याची योग्यता ठरवता येत नाही, हा मुद्दा श्रीकांत कर्वे यांच्या जनहित याचिकेमुळे मुंबई उच्च न्यायालयासमोर आला आणि ब्रेक तपासण्यासाठी परिवहन कार्यालयांकडे अडीचशे मीटरचा चाचणी पथ असावा, असा आग्रह न्यायालयाने धरला. ती सारी चर्चा मुख्यतः ट्रक-बसभोवती फिरली. तरी तत्त्व मोटारसायकललाही लागू पडते, कारण जुनी मोटारसायकल उभी असताना फार काही सांगत नाही.

गॅरेजवाल्याला विचारले तर तो दुसरीच यादी सांगतो. हँडलचा कोनसेट झिजला की वेगात गाडी थरथरते. स्विंग आर्मचे बुश गेले की मागचे चाक वळणावर बाहेर ओढते. शॉकअबमधले तेल गळून गेले की ब्रेक दाबताच पुढचा भाग खाली बसतो. चेनस्प्रॉकेटचे दात टोकदार झाले की भरधाव असताना चेन उतरून मागचे चाक जाम होऊ शकते. हे दोष दिव्याच्या बटणासारखे दाबून कळत नाहीत. गाडी स्टँडवर घेऊन, चाक हाताने हलवून, थोडे अंतर चालवूनच ते समजतात.

वर्ध्याची हवा आणि माती या झिजेला हातभार लावतात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो तेव्हा टायरच्या बाजूच्या भिंतींना चिरा पडतात आणि रबरी नळ्या कडक होतात. पावसाळ्यात पांदण रस्त्याची काळी माती मडगार्ड आणि चाकाच्या मधे घट्ट बसते, चेनचे वंगण पुसून टाकते आणि ड्रममध्ये शिरून ब्रेक लायनर घासते. शेतावर जाणारी गाडी आणि शहरात दुकानापर्यंत जाणारी गाडी यांचे वय कागदावर सारखे असले तरी त्यांची झीज सारखी नसते. वयावरून गाडीला बाद ठरवणे म्हणूनच जितके चुकीचे, तितकेच पंधरा वर्षे तिच्याकडे न पाहणेही चुकीचे आहे.

धुराची परीक्षा

पहिल्या पंधरा वर्षांत खासगी मोटारसायकलची ठरावीक काळाने होणारी एकच तपासणी आपल्याकडे आहे, ती पीयूसीची. नोंदणीला वर्ष झाल्यानंतर प्रत्येक गाडीकडे वैध पीयूसी असावी लागते. बीएस-४ या उत्सर्जन मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांना ती वर्षभर चालते, जुन्यांना सहा महिने.

या परीक्षेत जुन्या गाड्या पास होतात त्यामागे एक कारण असे की, त्यांना त्यांच्या काळाचे माप लावले जाते. ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ९,००० पीपीएम आहे. त्यानंतरच्या टू-स्ट्रोक गाडीला ती ३.५ टक्के आणि ६,००० पीपीएम, तर फोर-स्ट्रोकला ३.५ टक्के आणि ४,५०० पीपीएम. राजदूत, येझदी, आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्या आजही जिल्ह्यात कुठे कुठे जपलेल्या दिसतात; त्यांना पहिली, सैल पट्टी लागते. हे न्याय्यही आहे. १९९० च्या गाडीकडून २०२० सालचे इंजिन मागता येत नाही.

पण ही चाचणी गाडी जागेवर, संथ चालत असताना होते. कार्बोरेटरचा स्क्रू थोडा फिरवून त्या दोन मिनिटांपुरता आकडा खाली आणता येतो. रिंग-पिस्टन झिजलेल्या फोर-स्ट्रोक गाडीतून तेल जळाल्याचा निळसर धूर येत असला, तरी कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मर्यादेत बसू शकतो. शिवाय पीयूसी ब्रेकविषयी, टायरविषयी, हँडलविषयी एक अक्षरही सांगत नाही. खिशात ताजी पीयूसी असलेल्या माणसाला आपली गाडी तपासलेली आहे असे वाटत राहते, आणि ते अर्धेच खरे असते.

जी गाडी येत नाही तिचे काय

वर्धा जिल्हा ६,३०९ चौरस किलोमीटरचा आहे. आठ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार १३,००,७७४ लोकसंख्या. आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या एखाद्या गावातून परिवहन कार्यालयाच्या कामासाठी निघायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. त्याशिवाय खर्च आहे तो वेगळाच.

१ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारसायकलच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क तीनशेवरून एक हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारसायकलसाठी ते दोन हजार केले. महाराष्ट्राने २०१० मध्ये लागू केलेला पर्यावरण कर दुचाकीला पाच वर्षांसाठी दोन हजार रुपये असा ठरला होता. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवायची तर जीएसटीसह ५३१ रुपये. या तीनच बाबींची बेरीज साडेतीन हजारांच्या वर जाते. विमा आणि दुरुस्ती त्यावर.

सर्वांत जड पडतो तो उशीर. मुदत उलटून गेल्यावर मोटारसायकलला दरमहा तीनशे रुपये जादा आकारण्याची तरतूद नियमात आहे. दोन वर्षे राहून गेली तर ७,२०० रुपये होतात. गावात वीस वर्षांच्या गाडीला अनेकदा एवढीही किंमत येत नाही. मग मालक हिशेब करतो आणि रिपासिंगचा नाद सोडून देतो. गाडी मात्र सोडत नाही. ती शेतावर, आठवडी बाजारात, पोरांच्या शाळेपर्यंत चालूच राहते. मुदत पाळण्याचे वळण लावण्यासाठी ठेवलेले शुल्क अशा रीतीने चुकलेल्या माणसाला कायमचे बाहेर ढकलते.

नावाचा प्रश्न याच्याच जोडीला आहे. गाडी तीन हात बदललेली असते, आरसीवर नाव पहिल्या मालकाचेच राहते. तो दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो, किंवा हयात नसतो. कर्ज केव्हाच फिटलेले असते, पण बँकेचा बोजा आरसीवरून उतरवलेला नसतो. अशा गाडीचा मालक तिला आवारात आणणार तरी कसा?

एक गैरसमजही लोकांना दूर ठेवतो. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर आलेल्या बंदीच्या बातम्या ऐकून आपलीही गाडी आता भंगारातच जाणार, असे अनेकांना वाटते. महाराष्ट्रात वयावरून खासगी मोटारसायकल बाद होत नाही. २०२१ च्या भंगार धोरणानेही खासगी गाडीसाठी तपासणी हाच निकष ठेवला. पास झालेली पंचवीस वर्षांची गाडीही कायदेशीरच आहे.

किंमत अपघातात मोजली जाते

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यात ७४,८९७ जण दुचाकीवरचे होते. वेग, हेल्मेट नसणे, रस्त्यांची रचना ही कारणे मोठी आहेतच, आणि प्रत्येक मृत्यू जुन्या गाडीच्या माथी मारणे योग्य नाही. पण समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेश नाही. ती जाम गावाच्या चौरस्त्यावर आणि नागपूर-हिंगणघाट रस्त्यावर अवजड ट्रकांच्या शेजारूनच जाते. तिथे ऐनवेळी न लागणारा ब्रेक आणि न पेटणारा मागचा दिवा यांची किंमत जिवाने द्यावी लागते.

नंतर येतो कागदांचा हिशेब. २०१४ मध्ये नरिंदर सिंग विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या गाडीचा नुकसानभरपाईचा दावा नाकारणे योग्य ठरवले. वैध नोंदणीशिवाय रस्त्यावर वाहन आणणे हाच विमा कराराचा मूलभूत भंग मानला गेला. विमाच नसेल तर समोरच्या जखमी माणसाची भरपाई मालकाच्या खिशातून जाते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात हे ओझे शेत विकायला लावू शकते.

बाहेरचे दाखले, घरचा विचार

ब्रिटनने १९६० मध्ये सक्तीची वार्षिक तपासणी आणली, तीही आधी दहा वर्षांच्या गाड्यांना. पुढे ही मर्यादा तीन वर्षांवर आली. तिथे मोटारसायकली मोटारगाड्यांपेक्षा कमी प्रमाणात नापास होतात, हे सांगता येते, कारण निकाल खुले आहेत. गाडीचा नंबर टाकला की ती केव्हा आणि कशामुळे नापास झाली, ते कोणालाही दिसते. फ्रान्सने मोटारसायकलींची तपासणी एप्रिल २०२४ मध्ये सुरू केली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ‘वाहन’ डॅशबोर्डवर नोंदण्या आणि महसूल दिसतो. कोणत्या मॉडेलच्या किती गाड्या कोणत्या दोषासाठी परत पाठवल्या, हे दिसत नाही. ते दिसू लागले तर खरेदीदाराला, गॅरेजवाल्याला आणि सरकारलाही शहाणपण येईल.

वर्ध्यातच १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत काम उभे केले. तिथे काम करणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी टिकाऊपणाचे अर्थशास्त्र मांडले. वस्तू दीर्घकाळ वापरणे आणि दुरुस्त करून वापरणे हे त्या विचारात गुणाचे होते. वीस वर्षे नीट राखलेली मोटारसायकल त्याच गुणाची साक्ष देते. तिला राखणारा गॅरेजवाला या व्यवस्थेतला सर्वांत जाणता माणूस आहे, आणि नियमांमध्ये त्याला कुठेच जागा नाही.

म्हणून मागणी साधी आहे. खासगी दुचाकीची पहिली तपासणी दहाव्या वर्षी व्हावी, आणि ती ब्रेक, चाके, हँडल, दिवे एवढ्यापुरतीच, पण गाडी चालवून व्हावी. ती तालुक्याच्या गावी शिबिरात, बाजाराच्या दिवशी व्हावी. मुदत उलटलेल्या गाड्यांना विलंब शुल्क माफ करून एकदा तरी दार उघडून द्यावे. नाव बदलण्याची आणि बोजा उतरवण्याची कामे त्याच शिबिरात उरकावीत. आणि नापास गाड्यांची कारणे दरवर्षी जाहीर करावीत.

हे होईल तेव्हा होईल. वाचकांनी तोवर घरातल्या मोटारसायकलची आरसी काढून नोंदणीची मुदत पाहावी. विमा चालू आहे का, आरसीवर नाव कोणाचे आहे, बँकेचा बोजा उतरला आहे का, हे तपासावे. गाडी गॅरेजला नेली की तेल बदलण्याबरोबर कोनसेट, बुश, ब्रेक लायनर आणि मागच्या ब्रेकचा दिवा बघायला सांगावे. सरकारची तपासणी पंधरा वर्षांनी येते. तुमची दर सहा महिन्यांनी व्हायला हवी.