जुन्या फोनचा दरमहा खर्च

दुरुस्तीक्षमता
फोन किती सहज उघडतो, बिघडलेला भाग शेजारच्या भागांना धक्का न लावता निघतो का, आणि त्या जागी बसवायला दुसरा भाग मिळतो का, यावर दुरुस्तीक्षमता ठरते. आयफिक्सिट ही अमेरिकी कंपनी फोन उघडून पाहते आणि १० पैकी गुण देते. फ्रान्सने २०२१ मध्ये नव्या फोनसोबत असा निर्देशांक दाखवणे बंधनकारक केले. त्यात सुट्या भागांची उपलब्धता आणि किंमत या दोन्हींना वेगळे गुण होते. जुन्या फोनच्या बाबतीत हे दोन निकष बाकीच्यांवर मात करतात.

उघडण्याची दिशा
सॅमसंगचे गॅलेक्सी एस ४ (२०१३) आणि एस ५ (२०१४) शेजारी ठेवले तर दोन्हींचे मागचे झाकण नखाने निघते आणि बॅटरी अर्ध्या मिनिटात बदलते. तरीही आयफिक्सिटने एस ४ ला ८ आणि एस ५ ला ५ गुण दिले. एस ४ मध्ये झाकणाखालचे स्क्रू काढले की मागच्या बाजूनेच आत पोहोचता येते. एस ५ मध्ये मात्र बॅटरी सोडून कोणत्याही भागाला हात लावायचा तर आधी गोंदाने चिकटवलेला पडदा गरम करून सोडवावा लागतो. चार्जिंगची खाच सैल होणे हा जुन्या फोनचा नेहमीचा आजार. त्या किरकोळ दुरुस्तीसाठी एस ५ चा धडधाकट पडदा पणाला लागतो. सहज निघणारे झाकण या बाबतीत बरेच फसवे आहे.

आयफोन ६ एस (२०१५) उलट बाजूने उघडतो. तळाचे दोन स्क्रू काढून चोषकाने पडदा उचलला जातो, म्हणजे सर्वाधिक फुटणारा भागच पहिला हाती येतो. बॅटरीखालच्या चिकटपट्ट्या सावकाश ओढाव्या लागतात. पट्टी मध्येच तुटली की काम लांबते. यातला एक अडथळा स्क्रूचा नाही, जोडणीचा आहे. ठसा वाचणारे होम बटण मूळ बोर्डाशी बांधलेले असते. बाजारातले दुसरे बटण बसवले तर ते दाबता येते, पण ठसा ओळखत नाही.

फोल्डर आणि त्याच्या प्रती
काच, स्पर्शपटल आणि दृश्यपटल एकत्र चिकटलेल्या जोडाला दुरुस्तीच्या बाजारात फोल्डर म्हणतात. मूळ, दुसऱ्या फोनमधून काढलेला आणि कॉपी अशा प्रकारांत तो मिळतो. मूळचा पडदा एलसीडी असेल तर कॉपीही बऱ्यापैकी निभावते. अॅमोलेड पडद्याच्या फोनला स्वस्त एलसीडी बसवली, तर काळा रंग राखाडी दिसतो आणि फोनची जाडीही किंचित वाढते.

गुण आणि बाजार
एलजी जी ५ (२०१६) चा तळाचा भाग बटण दाबून बाहेर ओढला की त्यासोबत बॅटरी येते. त्याला ८ गुण मिळाले. पण एलजीने २०२१ मध्ये फोनचा व्यवसाय बंद केला, म्हणून त्याची मूळ बॅटरी मिळालीच तर जुन्या साठ्यातली असते. लिथियम-आयन बॅटरी न वापरताही जुनी होत जाते. त्यामुळे फळीवर पडून राहिलेली ‘नवी’ बॅटरी नावापुरतीच नवी असते. रेडमी नोट ४ उघडताना मागच्या झाकणाला जोडलेली ठसावाचकाची नाजूक पट्टी सांभाळावी लागते. पण २०१७ साली तो भारतात सर्वाधिक खपलेल्या फोनांपैकी एक होता. मुंबईच्या मनीष मार्केटसारख्या बाजारात भाग येतात ते अशाच खपाच्या मागे.

दुरुस्तीच्या पलीकडच्या मुदती
बॅटरीची मुदत दुरुस्तीने नव्याने सुरू करता येते. आयफोन १४ पर्यंतच्या फोनसाठी ॲपलचा अंदाज ५०० पूर्ण चक्रांनंतर ८० टक्के क्षमतेचा आहे. म्हणजे रोजच्या वापरात दीड-दोन वर्षे. सॉफ्टवेअर आणि नेटवर्क यांची मुदत मात्र स्क्रू-ड्रायव्हरने वाढत नाही. आयफोन ६ आणि ६ एस दिसायला जुळे, वयात एका वर्षाचे अंतर. पहिला आयओएस १२ वर थांबला, दुसरा १५ पर्यंत पोहोचला. मे २०२५ पासून व्हॉट्सअॅपला आयओएस १५.१ लागू लागले आणि त्या एका वर्षाने निकाल लावला. आयफोन ५ एस मध्ये व्होल्टीई, म्हणजे ४जीवरून बोलण्याची सोय, नाही, त्यामुळे केवळ ४जी-५जीवर चालणाऱ्या जिओवरून त्याच्यावर नेहमीच्या पद्धतीने बोलता येत नाही. अँड्रॉइड फोनवर लिनिएजओएससारखी पर्यायी प्रणाली घातली की त्याचे आयुष्य वाढते. मात्र त्यासाठी बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा कुलूपबंद प्रोग्रॅम, उघडावा लागतो आणि अशा फोनवर बँकांची अॅप अनेकदा चालायला नकार देतात.

खर्चाचे सूत्र
खरेदीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांच्या बेरजेतून विक्रीतून परत येणारी रक्कम वजा करावी आणि उरलेल्या रकमेला वापराच्या महिन्यांनी भागावे. समजा, एक फोन ४,००० रुपयांचा. बॅटरीला १,००० लागले आणि दहा महिन्यांत तो निरुपयोगी झाला, तर दरमहा ५०० रुपये पडले. दुसरा ९,००० चा. बॅटरी १,५००, फोल्डर २,३००, तीन वर्षांनी विक्री २,००० ला. उरले १०,८००, म्हणजे दरमहा ३००. सूत्रातला सर्वांत बेभरवशाचा आकडा महिन्यांचा असतो, आणि तो ठरवतात वर सांगितलेल्या मुदती. सात-आठ वर्षांच्या फोनला नवी बॅटरी लागणारच, म्हणून ती रक्कम खरेदीतच धरणे योग्य.

तपासणीच्या मर्यादा
जुना फोन घेताना पडद्याची एक कड किंचित वर आलेली दिसली, तर आत बॅटरी फुगल्याचा संशय घ्यावा. *#०६# दाबल्यावर दिसणारा आयएमईआय क्रमांक दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर टाकला की चोरीचा म्हणून बंद केलेला फोन ओळखता येतो. पाण्यात पडून गंजू लागलेला बोर्ड मात्र यांपैकी कशातूनच कळत नाही. तो गेला की फोन उभा करणे सहसा परवडत नाही. मग त्याचा फोल्डर, कॅमेरा आणि चार्जिंगची पट्टी काढून घेतली जाते, आणि त्याच मॉडेलचा दुसरा एखादा फोन त्यांवर आणखी वर्षभर चालतो.