सूर्याला छत्री धरता येईल का?

मे महिन्यात विदर्भातल्या शहरांत सिग्नलवर हिरव्या जाळीचे छत टाकलेले दिसते. लाल दिवा असेपर्यंत दुचाकीवाल्यांच्या डोक्यावर सावली येते, जीवाला बरे वाटते. मात्र त्याच जाळीखाली पुढच्या ट्रकचा धूर नाकात जातच असतो. जाळी ऊन अडवते, धूर अडवत नाही.

गेली काही दशके शास्त्रज्ञांमध्ये अशाच एका छताविषयी वाद चालू आहे. हे छत पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर टांगायचे आणि त्याने अख्ख्या पृथ्वीवरचे ऊन थोडे कमी करायचे, अशी ती कल्पना. जागतिक हवामान संघटनेच्या अहवालानुसार २०२४ हे तोवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्या वर्षीचे जागतिक सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या पातळीपेक्षा सुमारे १.५५ अंश सेल्सिअसने जास्त होते. त्यामुळे विज्ञानकथेत शोभणाऱ्या अशा कल्पनांकडेही आता गांभीर्याने पाहिले जाते.

छत टांगायचे कुठे?

सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये एक जागा अशी आहे, की तिथे ठेवलेली वस्तू पृथ्वीबरोबरच वर्षाला एक फेरी मारते आणि कायम दोघांच्या मधेच राहते. तिला ‘लॅग्रांज बिंदू १’ म्हणतात. आपल्याला ही जागा नवी नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले भारताचे ‘आदित्य-एल१’ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी याच बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचले. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेत साकारलेली ‘सूट’ ही दुर्बीण तिथूनच सूर्य न्याहाळते.

याच ठिकाणी चंद्रावरच्या मातीपासून बनवलेली, सुमारे दोन हजार किलोमीटर रुंदीची पातळ काच उभारावी, असे अमेरिकेतील जेम्स अर्ली यांनी १९८९ मध्ये सुचवले. असे केले तर पृथ्वीवर अंधार पडणार नाही का? नाही. इतक्या अंतरावरून ती काच सूर्यबिंबाचा अगदी लहान भाग झाकेल. ऊन किंचित मंद होईल, पण डोळ्यांना फरक जाणवणार नाही.

किती मंद करायचे, याचा हिशेब गोविंदस्वामी बाला आणि केन कॅल्डेरा यांनी २००० मध्ये संगणकीय प्रारूपांच्या साह्याने मांडला. बाला आज बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक आहेत. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर त्याने होणारी तापमानवाढ पुसायला सूर्यप्रकाश सुमारे १.८ टक्क्यांनी कमी करावा लागेल, असे त्यांना आढळले. आकडा लहान वाटतो. पण तो प्रत्यक्षात आणायला काय लागेल?

दीड टन आणि दोन कोटी टन

ॲरिझोना विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ रॉजर एंजल यांनी २००६ मध्ये त्याचे गणित केले. एक मोठी काच नेण्याऐवजी त्यांनी साधारण ६० सेंटिमीटर व्यासाच्या, ग्रॅमभर वजनाच्या पारदर्शक चकत्यांचा ढग सुचवला. प्रत्येक चकती प्रकाशकिरण जरासे वळवेल, म्हणजे ते पृथ्वीला चुकवून पुढे जातील. अशा लाखो कोटी चकत्या लागतील आणि त्यांचे एकूण वजन भरेल दोन कोटी टन.

आपल्या ‘आदित्य’चे वजन सुमारे दीड टन आहे. म्हणजे त्याच्यासारखी एक कोटी ३० लाखांहून जास्त याने तिथवर न्यावी लागतील. रोज एक पाठवायचे म्हटले, तरी ३६ हजार वर्षे लागतील. म्हणूनच एंजल यांनी रॉकेट बाजूला ठेवून विद्युतचुंबकीय तोफांची कल्पना मांडली. अशा वीस तोफांनी दर पाच मिनिटांनी चकत्यांचे गठ्ठे अवकाशात फेकायचे आणि हे काम दहा वर्षे अखंड चालवायचे. खर्च काही लाख कोटी डॉलर आणि ढगाचे आयुष्य सुमारे पन्नास वर्षे. हा अक्षय ऊर्जेला पर्याय नाही, हे एंजल यांनी स्वतःच स्पष्ट केले होते.

त्यानंतरही नव्या कल्पना आल्या. २०२२ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी अवकाशातच फुगवायच्या पातळ बुडबुड्यांचा तराफा सुचवला. २०२३ मध्ये अमेरिकेतीलच दुसऱ्या एका गटाने चंद्रावरची धूळ उधळण्याचा विचार मांडला. हे सगळे अजून कागदावर आणि प्रयोगशाळेतच आहे.

पावसाचे काय?

समजा, उद्या पैसा आणि यंत्रणा दोन्ही मिळाले. तरीही आपल्यासाठी सर्वांत मोठा प्रश्न उरतोच, तो पावसाचा. समुद्राच्या पाण्याची वाफ होते ती मुख्यतः उन्हाच्या जोरावर. ऊन कमी करून तापमान पूर्वीइतके केले, तरी जगाचा सरासरी पाऊस मात्र पूर्वीपेक्षा कमी राहतो, असे बाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले. पुढच्या अनेक प्रारूपांतही हेच दिसले. शिवाय उष्ण कटिबंध गरजेपेक्षा जास्त थंड होतो आणि ध्रुव मात्र काहीसे तापलेलेच राहतात.

निसर्गाने याची एक चुणूक दाखवली आहे. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीने सल्फर डायऑक्साइड वायू वातावरणात उंचावर फेकला. त्यातून तयार झालेल्या कणांनी ऊन अडवले आणि पुढच्या वर्षी पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने थंड झाली. पण त्या काळात जमिनीवरचा पाऊस आणि नद्यांचे पाणीही घटले. ज्या राज्यातली बहुतांश शेती कोरडवाहू आहे, तिथल्या शेतकऱ्याला हा सौदा परवडेल का? आणि छत्री किती उघडायची, हे ठरवणार कोण?

धूर तसाच राहील

कार्बन डायऑक्साइडचे हवेतले प्रमाण औद्योगिक काळापूर्वी दहा लाखांत २८० भाग होते, आता ते ४२० च्या पुढे गेले आहे. सावलीने हा वायू नाहीसा होत नाही. तो समुद्रात विरघळत राहतो, पाणी आम्लधर्मी होत जाते आणि प्रवाळ व शिंपल्यांची कवचे कमकुवत होतात. त्यातच छत्री काही कारणाने बिघडली, तर दबून राहिलेली तापमानवाढ काही वर्षांतच उसळून वर येईल. पिकांना आणि जंगलांना जुळवून घ्यायला वेळही मिळणार नाही.

या संशोधनाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणेही उडवून लावण्यासारखे नाही. उत्सर्जन आज थांबवले, तरी हवेत साचलेल्या वायूतला मोठा भाग शतकानुशतके राहणार आहे. संकट हाताबाहेर गेले, तर निदान काय शक्य आहे हे माहीत असावे, असे ते म्हणतात. अभ्यासाला हरकत नसावी. पण उद्या छत्री मिळेल या भरवशावर आज कोळसा जाळत राहणे परवडणारे नाही.

पृथ्वीचा ताप कमी करायला अवकाश तंत्रज्ञानाची मदत एका वेगळ्या वाटेने आधीच होते आहे. कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन कुठून किती निघतो, याची मोजदाद उपग्रह करतात. सौरघटांनाही सुरुवातीच्या काळात आधार दिला तो उपग्रहांनीच. १९५८ मध्ये ‘व्हॅनगार्ड १’ हा सौरऊर्जेवर चालणारा पहिला उपग्रह अवकाशात गेला, तेव्हा हे घट इतके महाग होते, की घराच्या छपरावर ते बसवण्याचा विचारही कुणी केला नसता. जानेवारी २०२५ मध्ये भारताची सौरऊर्जा क्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. पंधरा लाख किलोमीटरवरचे छत कधी उभे राहील ते सांगता येत नाही. घरावरच्या छपराचा निर्णय मात्र आपल्या हातात आहे.