राजवाड्यांची मागली दारे

लंडनजवळ हॅम्टन कोर्ट नावाचा एक जुना राजवाडा आहे आणि त्यात एक लांबलचक दालन आहे. आठव्या हेन्रीची पाचवी राणी कॅथरीन हॉवर्ड पहारेकऱ्यांच्या हातून निसटली आणि प्रार्थनामंदिरात बसलेल्या राजाची करुणा भाकण्यासाठी आक्रोश करीत या दालनातून धावत गेली, अशी आख्यायिका आहे. १५४२ साली तिचा शिरच्छेद झाला. त्याच लंडनमधील बँक्वेटिंग हाऊसच्या छतावर रुबेन्सने काढलेली भव्य चित्रे आहेत. पहिल्या चार्ल्सने ती आपल्या पित्याच्या गौरवार्थ करवून घेतली होती. ३० जानेवारी १६४९ रोजी त्याच छताखालून चालत तो बाहेर उभारलेल्या वधस्तंभाकडे गेला. इंग्रज लोक राजवाडा दाखवताना सिंहासन आणि झुंबरे दाखवतातच; पण राणी कोठून धावली आणि राजा कोणत्या बाजूने मरणाला सामोरा गेला, हेही आवर्जून सांगतात.

हे आठवण्याचे कारण असे की, आपल्याकडेही असे वाडे आहेत आणि त्यांच्या अशा कथाही आहेत. फक्त त्या सांगणारा कोणी भेटत नाही. मोहनखेडा हे जैनांचे प्रसिद्ध तीर्थ. इंदूरहून तेथे जाणारा यात्रेकरू धार, सरदारपूर, राजगड अशी वाट धरतो. या वाटेच्या आसपास आणि इंदूरच्या दुसऱ्या अंगाला देवासपर्यंत जो मुलूख पसरला आहे, तो दोन शतकांहून अधिक काळ मराठी पवारांचा मुलूख होता. येथील वाड्यांच्या दर्शनी दरवाजांवर राजांची नावे आहेत. त्यांचा खरा इतिहास मात्र मागल्या दारांनी आत आलेल्या आणि बाहेर पडलेल्या माणसांचा आहे. आज त्यांच्याविषयी बोलावे, असा विचार आहे.

आरंभ मांडवगडापासून करू, कारण तेथे खुद्द इंग्रज राजाचा प्रतिनिधी येऊन राहिला होता. १६१७ साली जहांगीर बादशहाचा मुक्काम मांडूस होता. बादशहा येण्यापूर्वी त्याच्या हुकमाने तेथील जुन्या सुलतानांचे महाल दुरुस्त करण्यात आले. त्यासाठी तीन लाख रुपये खर्च झाल्याचे बादशहानेच लिहून ठेवले आहे. या दरबारात पहिल्या जेम्सचा वकील सर टॉमस रो व्यापाराची सनद मागत हिंडत होता. महालात त्याला जागा मिळाली नाही. एका ओसाड पडक्या इमारतीत त्याने बिऱ्हाड केले. पाण्याचे दुर्भिक्ष एवढे होते की, एका विहिरीचे पाणी मिळाले हेच मोठे भाग्य, असे त्याला वाटले. रात्री वन्य श्वापदे येऊन त्याच्या मेंढ्या ओढून नेत. ज्यांचे वंशज पुढे दोनशे वर्षांनी या माळव्याचे धनी झाले, त्यांचा पहिला वकील येथे असा उपऱ्यासारखा राहत होता. जहाजमहालाच्या तलावात प्रतिबिंब पाहणाऱ्या प्रवाशाला ही कथा कोणी सांगत नाही.

आता धारच्या किल्ल्यात येऊ. या किल्ल्यात खरबुजा महाल नावाची एक वास्तू आहे. घुमटाचा आकार खरबुजासारखा, म्हणून हे नाव. राघोबादादांचे नशीब फिरले आणि बारभाईंच्या फौजा त्यांच्या पाठीस लागल्या, तेव्हा गरोदर असलेल्या आनंदीबाईंना त्यांनी धारच्या आश्रयास ठेवले. तेथे १७७५ च्या जानेवारीत दुसरा बाजीराव जन्मला. मराठी राज्याचा शेवटचा पेशवा शनिवारवाड्यात जन्मला नाही; फरारी आईच्या पोटी, परक्याच्या किल्ल्यात जन्मला. पुढे पुणे दरबाराने धारच्या पवारांवर रोष धरला, त्यांचा मुलूख जप्त केला. अखेर आई आणि मूल स्वाधीन करण्यात आले, तेव्हा पवारांचा मुलूख सुटला. ज्या भिंतींनी आसरा दिला, त्याच भिंतींना पुढे त्या आसऱ्याचा सौदा करावा लागला. बाजीरावाच्या स्वभावातील संशय आणि भय यांवर आपण पुष्कळ वाचले आहे. त्याच्या आयुष्याची सुरुवात कोठे आणि कशी झाली, हे पाहिले म्हणजे त्याच्या कृत्यांचे समर्थन होत नाही. पण ती थोडी अधिक कळतात.

आनंदीबाईंच्या नंतर तीस-बत्तीस वर्षांनी पवारांच्या घरातील एका स्त्रीवर तसाच प्रसंग आला. १८०७ साली आनंदराव पवार वारले, तेव्हा त्यांची पत्नी मैनाबाई गरोदर होती. एकीकडे शिंदे-होळकरांच्या फौजा मुलूख तुडवीत होत्या, दुसरीकडे घरातलाच मुरारराव गादीवर डोळा ठेवून बसला होता. मैनाबाईंनी मांडूचा आश्रय घेतला. तेथे पुत्र जन्मला. त्याचे नाव रामचंद्रराव. मग त्या धारला परतल्या आणि किल्ला हाती धरून संस्थान कसेबसे जगवत राहिल्या. एक वेळ अशी आली की, पवारांच्या हाती धारच्या पलीकडे फारसे काही उरले नव्हते. १८१९ च्या जानेवारीत इंग्रजांशी तह झाला आणि गेलेल्या मुलखापैकी बराच परत आला. राजवाड्याच्या भिंतीवर राजांच्या तसबिरी ओळीने लागतात. परंतु मधली बारा वर्षे ज्या बाईने त्या ओळीचा धागा तुटू दिला नाही, तिचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

याच किल्ल्याने तिसरी आपत्ती पाहिली ती १८५७ साली. त्या वर्षी राजा यशवंतराव वारले आणि लहान वयाचे आनंदराव गादीवर आले. संस्थानच्या चाकरीतील अरब, मकराणी आणि विलायती शिपायांनी किल्ला बळकावला. ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी तोफा लावल्या. तटाला खिंडार पडले. पण महिनाअखेर फौज आत शिरली, तेव्हा किल्ला रिकामा होता. आतील शिपाई रातोरात निसटून गेले होते. शिक्षा झाली ती संस्थानाला. ते खालसा करण्यात आले आणि १८६० साली परत देण्यात आले. योगायोग असा की, त्याच वर्षी तिकडे कानपुरास बाजीरावाचा दत्तक पुत्र नानासाहेब लढत होता. बाप जेथे जन्मला त्या किल्ल्यावर आणि मुलगा जेथे वाढला त्या बिठूरवर, दोन्हीकडे एकाच वर्षात इंग्रजांच्या तोफा धडाडल्या.

धारच्या पश्चिमेस, मोहनखेड्याच्या अलीकडे, अमझेरा आहे. तेथील राठोड घराण्याच्या गढीत रंगमहाल, बादलमहाल अशी मनोहर नावे ऐकू येतात. येथला राणा बख्तावरसिंह १८५७ च्या जुलैत उठला. सरदारपूरजवळच्या भोपावर येथील इंग्रजांच्या ठाण्यावर त्याच्या माणसांनी हल्ला केला. पुढे तो पकडला गेला आणि १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरात त्यास फाशी देण्यात आले. त्याचा मुलूख शिंद्यांकडे गेला. महालांची नावे राहिली. त्यांत राहणारे राज्य राहिले नाही.

आता इंदूर ओलांडून देवासला जाऊ. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोन भावांनी १७२८ च्या सुमारास हे राज्य मिळवले आणि त्याच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार, दोन राजवाडे. देवीच्या टेकडीचीसुद्धा वाटणी. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे जावई. मोठे हळवे, भाविक आणि उदार. हिशेबात मात्र कच्चे. १९२१ साली त्यांचा खासगी चिटणीस म्हणून ई. एम्. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार सहा महिने येथे राहिला. नव्या राजवाड्याच्या बागा, मोटारखाना आणि वीजघर यांची देखरेख त्याच्याकडे होती. बांधकाम पुरे झालेले नव्हते आणि झालेल्या भागाची पडझड सुरू झाली होती. नवे कोरे पियानो माळव्याच्या कोरड्या हवेने तडकून मुके झाले होते. राज्य कर्जात बुडत होते.

परंतु त्याच वर्षीच्या गोकुळाष्टमीस गावातल्या जुन्या वाड्यात फॉर्स्टर अनवाणी पायांनी उभा राहिला आणि कृष्णजन्माच्या उत्सवात देहभान विसरून नाचणारा राजा त्याने पाहिला. तो प्रसंग त्याच्या मनातून गेला नाही. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ए पॅसेज टु इंडिया’ या कादंबरीचा शेवटचा भाग त्यातून उभा राहिला. नव्या वाड्यावर पैसा ओतला, तो वाया गेला. जुन्या वाड्यातील एका रात्रीने मात्र देवासला जगाच्या वाङ्मयात स्थान दिले.

तुकोजीरावांचा शेवट करुण झाला. १९२७ च्या अखेरीस युवराज विक्रमसिंह पित्याच्या भयाने देवास सोडून गेले. १९३३ साली कर्जाच्या चौकशीला कंटाळून महाराज फ्रेंचांच्या पाँडिचेरीस निघून गेले आणि १९३७ साली तेथेच वारले. पुढे १९४७ साली तेच विक्रमसिंह शहाजी या नावाने कोल्हापूरच्या गादीवर आले. १९४८ साली दोन्ही पात्या, धार आणि इतर संस्थाने मध्यभारतात विलीन झाली आणि राजवाड्यांचे राजेपण संपले.

श्रोतेहो, या सर्व कथांतून एक गोष्ट मला दिसते. राजवाडा राजाला सुरक्षित ठेवण्यासाठी बांधतात. पण संकट आले की त्याचा उपयोग मागच्या दाराचा. आनंदीबाई, मैनाबाई, धारचे शिपाई, देवासचे पिता-पुत्र, सर्वांच्या इतिहासात आश्रय आणि पलायन आहे. ऐश्वर्य थोडे दिवसांचे होते.

म्हणून एक विनंती. मोहनखेड्याच्या यात्रेला जाल तेव्हा धारच्या किल्ल्यासाठी तासभर राखून ठेवा. ज्या घराण्यांचे पूर्वज या दरबारांत कारकून, पुजारी, शिलेदार किंवा दाया होते, त्यांनी घरात ऐकलेली हकीकत लिहून काढावी. मोडी कागद असतील तर जाणत्याकडून वाचून घ्यावेत. ढासळलेला तट सरकारी खात्याला बांधता येईल. कोणत्या दाराने कोण गेले, हे मात्र ज्यांनी ऐकले आहे त्यांनाच सांगता येईल, आणि अशी माणसे आता थोडी राहिली आहेत.