जुनी पद्मिनी : खर्च कुठे शेकड्यात, कुठे लाखात

आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंपैकी काहींच्या दारात अजून प्रीमियर पद्मिनी उभी आहे. कुणाला ती वडिलांकडून मिळाली, कुणी स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. ठेवावी की काढून टाकावी, हा वाद दर पावसाळ्याच्या तोंडावर घरात होतो. गाडीवर जीव असणे ही वेगळी बाब आहे. ज्याला धंदा कळतो त्याने आधी खाते मांडावे.

ही गाडी १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली आणि १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, कार्बुरेटर, ड्रम ब्रेक, एवढाच तिचा संसार. यात संगणक नाही. त्यामुळे बिघाड कानाने ओळखता येतो आणि साध्या पान्याने काढता येतो. भिवंडी-मालेगावचे साधे माग ज्यांनी सांभाळले आहेत, त्यांना ही गोष्ट समजावून सांगायला नको.

आधी शेकड्यातला खर्च. गाडी झटके देते, सकाळी लवकर सुरू होत नाही, चढावर दम टाकते. अशा वेळी दहातून सात वेळा दोष पॉइंट, कंडेन्सर किंवा प्लगचा असतो. उन्हाळ्यात गर्दीत गाडी बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली, तर इंजिनालगतच्या पेट्रोल पंपात वाफ धरली असे समजावे. ओले फडके गुंडाळण्याचा जुना टॅक्सीवाल्यांचा इलाज आजही चालतो. मात्र एक गोष्ट नवी आहे. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने लवकर खराब होतो, आणि इथेनॉल पाणी ओढत असल्याने उभ्या गाडीच्या टाकीला आतून गंज धरतो. या नळ्या बदलून घ्याव्यात. पेट्रोलची गळती म्हणजे आगीशी खेळ आहे.

हजारातला खर्च बहुधा आपल्या हयगयीतून येतो. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे बोअरिंगचे खारे पाणी भरले की आत खडे साचतात, हेड खाल्ले जाते, एक दिवस इंजिन तापते आणि हेड गॅसकेट उडते. गॅसकेटची किंमत फार नाही. पण हेड उतरवणे, ते वाकले असेल तर सरफेस ग्राइंडिंग करणे, व्हॉल्व्ह बसवणे, ही मजुरी मोठी होते. कूलंट टाकण्याचा खर्च याच्यापुढे काहीच नाही. आपले कापडवाले बंधू मागच्या सीटवर आणि डिकीत ताक्यांचे गठ्ठे भरतात. मागचे कमानीचे पाटे त्यानेच बसतात. पुढच्या चाकांचे किंगपिन ग्रीसवर जगतात. ग्रीस चुकले की स्टिअरिंग सैल पडते आणि टायर एका बाजूने झिजतात. महिनोन्‌महिने उभ्या गाडीचे ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम होतात किंवा गळतात. पेडल खाली जाऊ लागले की त्या दिवशी गाडी बाहेर काढू नये, मग गिऱ्हाईक कितीही मोठे असो.

लाखाकडे नेणारा खर्च इंजिनाचा नाही, पत्र्याचा आहे. पद्मिनीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत तळाचा पत्रा, दाराखालचे पट्टे आणि जॅक लावण्याची जागा आतून कुजते. वरून पुटी भरून रंग मारला की गाडी नवरीसारखी दिसते. विकत घेताना खिशात लोहचुंबक ठेवावा, पुटीवर तो धरत नाही. पायाखालचा गालिचा उचलून बघावा. आणि आपण विकणारे असू तर ऐब लपवून विकणे आपल्याला मना आहे. मालाचे असो की मोटारीचे, दोष आधी सांगितला पाहिजे.

सुट्या भागांबद्दल एक बदल ध्यानात घ्यावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. त्या टॅक्सींच्या गरजेवर भागांचा बाजार आणि उस्ताद लोकांची रोजी चालत होती. आता काही भाग लेथवर घडवून घ्यावे लागतात आणि कार्बुरेटर कानाने लावणारा हात मिळणे मुश्किल झाले आहे. अशा कारागिराशी मजुरीत घासाघीस करणे मला पटत नाही. भागाची किंमत दुकानात जरूर पाडून मागावी, पण हुनराचा दाम पुरा द्यावा आणि काम संपताच द्यावा. उस्तादाचा मुलगा तेच काम धरील की मोबाइलच्या दुकानात बसेल, हे आपण दिलेल्या पैशावरही ठरते.

कागदपत्रांचा खर्चही खात्यात धरावा. १५ वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० करण्यात आले. पर्यावरण कर वेगळा. ५० वर्षांवरील गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. पण ती गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. ज्याला रोज गठ्ठे घेऊन बाजारात जायचे आहे, त्याने त्या नंबर प्लेटच्या मोहात न पडता नेहमीचेच नूतनीकरण करावे.