उडून जाणारा पुरावा

1970 साली मिलार्ड बास या अमेरिकी डॉक्टरांनी 110 मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेलेली बहुतेक कोवळ्या वयाची मुलं, नशेसाठी रसायनांची वाफ हुंगणारी. पिशवीत गुदमरून झालेले मृत्यू बास यांनी आधीच वगळले होते. मग ही मुलं मेली कशानं?

बास यांनी बोट ठेवलं हृदयावर. या वाफांमुळे हृदय अ‍ॅड्रेनलिनच्या बाबतीत भलतंच हळवं होतं. क्लोरोफॉर्मची अशीच करामत ए. जी. लेव्ही यांनी 1911 मध्ये मांजरांवर प्रयोग करून दाखवली होती. अशा अवस्थेत मूल दचकलं किंवा जोरात पळालं, तरी हृदयाची लय बिघडते. ते नुसतं थरथरतं, रक्त पुढे ढकलत नाही. पहिल्याच वेळी हुंगणाराही यात दगावू शकतो. आणि शवविच्छेदनात अशा हृदयावर डोळ्यांना दिसेल अशी खूण बहुधा सापडत नाही.

म्हणून खरी भिस्त पंचनाम्यावर. शेजारी पडलेला रुमाल, थिनरची बाटली, ओठांभोवतीचं पुरळ, कपड्यांवरचे डाग यांची नोंद झाली, तरच डॉक्टरांना शंका येते. घाबरलेल्या मित्रांनी किंवा लाजेपोटी घरच्यांनी बाटली फेकून दिली, की तो धागाच तुटतो.

शंका वेळेवर यायला हवी, कारण हा पुरावा अक्षरशः उडून जातो. एरवी व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे तुकडे, मिठाच्या संपृक्त द्रावणात राखून ठेवतात. वाफेसाठी तेवढ्यानं भागत नाही. रक्त काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, घट्ट बंद करून थंड ठेवावं लागतं. फुफ्फुसाचा नमुना नायलॉनच्या पिशवीत, कारण साध्या प्लास्टिकमधून वाफ निसटते. मेंदूचा तुकडाही घ्यावा. त्यातल्या स्निग्धांशात ही रसायनं टिकतात. प्रयोगशाळेत नमुना बंद कुपीत गरम करतात आणि वर जमलेली वाफ गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रात सोडतात. नमुना चुकीच्या बरणीत गेला असेल, तर हे महागडं यंत्रही हतबल ठरतं आणि कागदावर ‘हृदय बंद पडून मृत्यू’ एवढंच उरतं.

भारतात 2019 साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या नशेचं प्रमाण मुलांमध्ये 1.17 टक्के, तर प्रौढांमध्ये 0.58 टक्के आढळलं. मोठ्यांपेक्षा लहानांत जास्त असलेली ही एकमेव नशा. तालुक्याच्या शवविच्छेदनगृहातही नायलॉनची पिशवी हाताशी असायलाच हवी, ती यासाठी.

पुरावा जपला, तर असे मृत्यू मोजता येतात. या मोजणीनं काय साधतं, हे ब्रिटनमध्ये दिसलं. लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी 1971 पासूनच्या अशा मृत्यूंची नोंद ठेवली. 1990 या एकाच वर्षात 152 जण दगावले होते. लायटरमधल्या ब्युटेन गॅसचा त्यात मोठा वाटा होता, आणि 1999 मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना लायटर भरायचे ब्युटेनचे डबे विकण्यावर तिथे बंदी आली.