काट्याला न दिसणारं

स्टेशनवरच्या दिवे लुकलुकणाऱ्या वजनयंत्रात नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं छोटं तिकीट पडायचं. त्यावर वजन असायचं आणि सोबत भविष्यही. भविष्य वाचून आपण हसायचो, वजनावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवायचो. तब्येतीपुरतं बोलायचं तर वजनालाही थोडं हसायला हरकत नव्हती.

‘तो बारीक आहे, त्याला कसली शुगर?’

आपल्याकडे सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे दुपटीहून जास्त. आणि हे काही उतारवयात सुटलेल्या पोटाचंच प्रकरण नाही. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं तपासली. सरासरी वजन जेमतेम २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरंच कमी. हातपाय काटकुळे, पण पाठीच्या कातडीखालची चरबी जवळपास त्यांच्याइतकीच. वरून बारीक, आतून चरबीदार असा हा आपला बांधा. म्हणूनच धोक्याची घंटा इतरत्र २५ बीएमआयला वाजते, ती आपल्यासाठी २३ लाच वाजते.

‘बीएमआय जास्त, म्हणजे आजारी’

हे गणित मांडणारा केटले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ. एकोणिसाव्या शतकात तो ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधत होता, रोगी तपासत नव्हता. कोल्हापूरच्या तालमीत घुमणारा, १७० सेंटिमीटर उंचीचा ८० किलोंचा पैलवान घ्या. त्याचा बीएमआय जवळजवळ २७.७ भरतो. सूत्राच्या लेखी तो स्थूल, कारण स्नायू कुठला आणि चरबी कुठली हे सूत्राला कळत नाही. चरबी कुठे साठली तेही कळत नाही. मांड्या-नितंबांवरची चरबी तुलनेने गरीब असते. यकृताभोवती, आतड्यांभोवती साठते ती उपद्रवी. जीन्स मांड्यांत अडकते म्हणून रडणाऱ्या मुलींना हे कुणी सांगत नाही.

अर्थात वजनाचं ओझं खोटं नसतं. गुडघे दुखतात, झोपेत घोरता घोरता श्वास अडकतो. ‘मी आहे तशी छान’ हे मनापासून म्हणावं आणि रक्तदाबही तपासून घ्यावा.

‘टोचून बोललं की कमी करेल’

लग्नाच्या पंगतीत मावशी म्हणते, “अगं, केवढी सुटलीस!” आणि पुढच्याच क्षणी पानात आग्रहाची दुसरी जिलबी पडते. २०२० मध्ये अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र निवेदन काढून सांगितलं, की हिणवल्याने वजन उतरत नाही, उलट शरीर आणि मन दोन्हीची हानी होते. ज्याला सारखी बोलणी बसतात, तो डॉक्टरकडे जायचं टाळतो. तिथेही आधी काट्यावरच उभं करतील, ही धास्ती.

‘महिनाभर चाललो, काटा हलला नाही’

म्हणून चालणं वाया गेलं नाही. आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो. रक्तदाब सुधारतो, झोप लागते. यातलं काहीही किलोत मोजता येत नाही.

घरात मोजायचंच असेल तर शिवणाच्या डब्यातली टेप काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ती गुंडाळा, श्वास सहज सोडून आकडा वाचा. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर, बायकांसाठी ८०. पुरुष मंडळी इथे पँटचा नंबर सांगून मोकळी होतात. तो धरू नका. पोट वाढलं की पँट बेंबीखाली सरकते आणि नंबर वर्षानुवर्षं चौतीसच राहतो.